पाण्याचा शेवटचा घोट

आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना वास येणं एका तापात गेलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास काही परतला नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर थोडे दिवस कुरकुर करून त्याने सोडून दिलं असतं. आईंची गोष्ट वेगळी होती. त्यांनी सगळी नोकरी साबणाच्या कारखान्यात काढली आणि तीही नाकाच्या जोरावर. नवा माल बाहेर पडायच्या आधी त्यांच्यापुढे यायचा. त्या डोळे मिटून हुंगायच्या आणि मान हलवायच्या, होकाराची किंवा नकाराची. त्या मानेपुढे मालकांचंही चालत नसे. निवृत्तीनंतरसुद्धा ते नाक घरात कामावरच होतं. दूध नासणार हे दुधाच्या आधी आईंना कळायचं. बाहेर काय खाल्लं, हे ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दारात बूट काढतानाच ऐकायला मिळायचं.

आता जेवण म्हणजे ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतं, असं त्या म्हणत. ताटातलं इकडचं तिकडे करून उठत. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. स्वयंपाकघरात यायचंच त्यांनी सोडलं. "गॅस सुटला तरी मला कळायचं नाही, मी तिथे उभी राहून करू काय," असं एकदा म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, बसची वेळ सांगावी तसा आवाज होता. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

नाकाकानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वासाचीसुद्धा तालीम असते. उग्र वासाची ताजी पानं सकाळ-संध्याकाळ चुरून नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास कसा होता ते आठवत राहायचं. येईल परत, कदाचित नाही येणार. आलाच तर आधी वेडावाकडा येईल. नसलेली दुर्गंधी जाणवेल, चांगल्या वस्तूची किळस येईल, तर घाबरून जाऊ नका. हे शेवटचं सांगणं आमच्या घराने जरा जास्तच मनावर घेतलं, ते पुढे येईलच.

ताजी पानं आणायची कुठून, हा पहिला प्रश्न. बाजारातून आणलेल्या जुड्या दुसऱ्या दिवशी मान टाकायच्या. गॅलरीत कुंड्या ठेवून पाहिल्या. तिथे ऊन कमी, माती ओलीच राहायची आणि तिच्यात चिलटं झाली. ती नेमकी आईंच्याच नाकाभोवती फिरायची. "जिला वास येत नाही तिच्याच नाकात कशाला खुपसता रे," असं त्या चिलटांना विचारत.

तेव्हा वन्संनी मनावर घेतलं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आमच्याकडेच राहतात आणि दातांच्या एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवतात. हात असा नेमका की केसाएवढी फट त्यांना बोटाने कळते. त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं की मातीशिवायही झाडं वाढतात. एका ट्रेमध्ये मुळं ठेवायची. खालून पाणी चढतं, मुळं भिजवतं आणि ओसरून जातं. थोड्या वेळाने पुन्हा चढतं, पुन्हा ओसरतं. समुद्राची भरती-ओहोटी घरात आणायची, एवढंच.

मला ते ऐकूनच गंमत वाटली आणि थोडी शंकाही. माती नसेल तर झाड धरणार कशाला, असं मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, ते झाडाचं झाड बघेल, तू मला ड्रिलची पेटी दे.

सामान साधंच होतं. खाली झाकणाचा काळा टब, त्यात खत विरघळवलेलं पाणी. टबात बुडवलेला छोटा पंप, लोक घरी मासे पाळतात त्यांच्याकडे असतो तसला. वर लोखंडी घोडीवर खोल ट्रे. ट्रेच्या तळाला दोन भोकं. एकातून पंपाची नळी वर येते. दुसऱ्यात एक उभा पाइप, त्याच्या तोंडापर्यंत पाणी चढलं की जादाचं त्यातून खाली टबात पडतं, म्हणजे ट्रे भरून वाहायला नको. ट्रेमध्ये भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या आणि त्यांच्यात खोचलेल्या जाळीच्या वाट्यांतून रोपं. भिंतीवर टायमर. भोकांच्या कडा वन्संनी कवळ्या घासायच्या यंत्राने घासल्या. दाढ बसवावी तशा निगुतीने वॉशर बसवले आणि तरीही पहिल्या दिवशी ट्रेखाली तळं झालं.

"ताई, लोकांच्या तोंडात भरतेस ते पुरे नव्हतं का," हे म्हणाले, "आता घरात पूर आणलास." वॉशर उलटा लागला होता. तो काढून वन्संनी सुलटा लावला आणि फरशी पुसायचं फडकं भावाच्या हातात दिलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळे ट्रेभोवती बसलो. पंप घुमायला लागला. गोळ्यांच्या फटींतून पाणी कुठून कसं चढतंय ते दिसेना, फक्त गोळ्यांचा रंग खालून वर गडद होत गेला. मग उभ्या पाइपातून जादाचं पाणी खाली पडायला लागलं. टायमरने पंप बंद केला आणि पाणी आल्या वाटेने परत निघालं. आईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "आता त्याला खाली ओढतंय कोण?"

कुणीच नाही, असं वन्संनी सांगितलं. वर ढकलायला पंप लागतो, उतरायला पाण्याला स्वतःचं वजन पुरतं.

"आणि सारखं भरूनच ठेवलं तर?"

तर मुळं गुदमरतील. पाणी उतरतं तेव्हा मागोमाग हवा आत शिरते, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. हे मला फार आवडलं. पाणी घालणं म्हणजे पुण्य एवढंच आजवर ठाऊक होतं. पाणी काढून घेणं हीसुद्धा माया असते, हे नवीन होतं.

इतक्यात ट्रे रिकामा झाला आणि नळीने आवाज केला. तहानलेल्या माणसाने पेला तोंडाला लावून शेवटचा घोट घशाखाली उतरवावा तसा, घटकन, आणि मागून एक लांब निःश्वास. आई हसल्या. तापानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

पुदिना, कोथिंबीर आणि शेपू लावला. शेपूवर घरात मतभेद होते, ह्यांना तो नजरेसमोर नको असतो. पण वासाला उग्र म्हणून त्याची जागा पक्की झाली. पुदिन्याने तर काही दिवसांतच शेजारच्या रोपांच्या वाट्यांत पाय पसरले. मी रोज सकाळी एकेक पान चुरून तीन डब्यांत घालायची, वरून फडकं बांधायची आणि आईंसमोर ठेवायची. आई डोळे मिटून एकेक डबी नाकाशी धरायच्या. मान मात्र हलायची नाही, ना होकाराची ना नकाराची. डब्या ठेवून देत आणि म्हणत, "उद्या बघू."

इथे माझ्या नेमाचं सांगायला हवं. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे दिवा लावून मी माळ घेऊन बसते आणि माळेचे ठरवलेले फेरे पुरे होईपर्यंत बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. घराला त्याची सवय आहे. हे त्या वेळात मला काही विचारायचं झालं तर बोटं दाखवून विचारतात, जसं काही मला ऐकूही येत नाही. देव्हारा ट्रेच्या खोलीतच आहे. सकाळची भरती माझ्या मौनातच यायची. पंप घुमायचा, थांबायचा, पाणी उतरायचं आणि शेवटी तो घोट वाजायचा. मी त्या घोटाची वाट बघायला लागले होते. कुणीतरी पोटभर पाणी प्यायलं, असं वाटून मी पुढचा मणी ओढायची.

मग एके दिवशी तो आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. वन्संनी काहीतरी सुधारणा केली असणार, असं मनात आलं. विचारायचंही ठरवलं. पण मौन सुटलं की आधी चहाचं, डब्यांचं, दुधाचं बोलावं लागतं. ते राहूनच गेलं.

पुढचे काही दिवस बाग जोरात होती. टबातलं पाणी भराभर कमी व्हायचं आणि वन्सं आनंदाने वरून भरायच्या. "बघ गं, पितात किती. आपल्या घरात खाण्यापिण्यात एवढा उत्साह फक्त या झाडांनाच." आईंना ऐकू जाईल असंच म्हणायच्या. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

एका संध्याकाळी आई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांची खुर्ची ट्रेला लागूनच असते. एकाएकी म्हणाल्या, "काहीतरी कुजतंय."

सगळे धावले. वन्संनी कचऱ्याचा डबा उघडला, ह्यांनी मोरी पाहिली, मी खिडकीबाहेर वाकून खालचं अंगण पाहिलं. कुठे काही नव्हतं. आम्हा तिघांना पुदिन्याशिवाय काही येत नव्हतं. तेव्हा डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. हे आईंजवळ बसून समजुतीने म्हणाले की असे नसलेले वास येतात, बाई म्हणाल्याच होत्या, चांगली खूण आहे. वन्संही तेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा कुणी उठलं नाही. तिसऱ्यांदा बोलता बोलता त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. रात्रीच्या ताटाला तर त्यांनी हातच लावला नाही. मी पाणी द्यायला गेले तर एवढंच म्हणाल्या, "नाक होतं तेव्हा कारखाना ऐकायचा. आता नाकाला वेड लागलंय म्हणतात."

दुसऱ्या सकाळी मी माळ घेऊन बसले होते. पंप कधीचा थांबला होता. हे झोपलेले, वन्सं अंघोळीला गेलेल्या. आई खुर्चीतून हळूच म्हणाल्या, "कुजल्याचा वास येतोय. तुलाच सांगते. तू आत्ता नाही म्हणू शकणार नाहीस."

मी बोलू शकत नव्हते, पण उठू शकत होते. माळ हातातच ठेवून मी त्यांच्यापुढे हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात धरला आणि उठल्या.

आधी मी त्यांना दाराशी नेलं, चपलांच्या मांडणीपाशी. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि मान हलवली. नकाराची. ती मान मी किती दिवसांनी पाहत होते. मग मोरी. नकार. कचऱ्याचा डबा. तिथे जरा थांबल्या, नाक मुरडलं, पण मान नकाराचीच. हा तो वास नव्हे. खिडकीपाशी कपाळाला आठी पडली. आम्ही परत खोलीत वळलो, तशी त्यांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. आता मी त्यांना नेत नव्हते, त्या मला ओढत होत्या. मी काही सुचवत नव्हते आणि सुचवताही आलं नसतं. हे बरंच झालं. नाहीतर सूनबाईने त्यांच्या तोंडात घातलं, असं म्हणायला जागा राहिली असती.

त्या ट्रेपाशी आल्या. पानांशी नाक नेलं. नकार. मला वाटलं, संपलं. पण आई आणखी वाकल्या, एक हात घोडीवर टेकवून, पानांच्या खाली, गोळ्यांपर्यंत. बराच वेळ तशाच राहिल्या. मग मान हलली. होकाराची.

"इथे. खाली."

मी गोळ्यांत बोटं घातली. वरच्या गोळ्या कोरड्या, खडखडीत होत्या. बोटं आणखी आत गेली आणि पाण्यात बुडाली. तिथे त्या वेळी पाणी असायचं काही कारण नव्हतं. मी पुदिन्याची एक वाटी उपसून काढली. सुरुवातीला दोऱ्यासारखी पांढरी होती ती मुळं आता चहाच्या रंगाची आणि बुळबुळीत झाली होती. तेव्हा कुठे तो वास मला आला.

मी न्हाणीघराचं दार वाजवलं. आतून वन्सं म्हणाल्या, "आले. घराला आग लागली आहे का?" मी पुन्हा वाजवलं. त्या ओल्या केसांनी बाहेर आल्या, वाटी पाहिली आणि सरळ ट्रेकडे गेल्या. हात घातला. "यात पाणी कसं?" मग टबाचं झाकण उचललं आणि म्हणाल्या, "म्हणजे पीत नव्हती ती. पाणी वरच अडकलं होतं आणि मी आपली भरत होते."

एकेक वाटी काढून त्यांनी ताटात ठेवली. गोळ्या बाजूला सारल्या. पंपाची नळी जिथून ट्रेमध्ये येते तिथे बोट घालून त्यांनी काहीतरी उपटून काढलं. मुळांच्या तंतूंनी, शेवाळाने माखलेला तो एक गोळा होता. नळाखाली धुतला तेव्हा खालून गुलाबी रंग दिसला. नवी कवळी ज्यात गुंडाळून देतात त्या स्पंजाचा तो तुकडा होता.

वन्सं तो हातात धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीच बसवला होता. तुझ्या मौनात तो घशातला आवाज यायचा ना. मला फार लाजल्यासारखं व्हायचं. तू देवापुढे बसलेली आणि हे भांडं ढेकर दिल्यासारखं करतंय. स्पंज बसवला आणि आवाज बंद झाला. येताना पंपाचा जोर असतो, पाणी यातून वाट काढतं. जाताना जोर नाही. हळूहळू घाण बसत गेली आणि पाणी वरच राहायला लागलं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माळ अजून व्हायची होती.

"ती काय बोलणार," आई म्हणाल्या, "पण तिचा चेहरा बघ."

या गडबडीने हे उठून आले. काय झालं ते वन्संनी सांगितलं. ह्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग आईंकडे. "आई, खरंच आला तुला वास?"

"तुझ्या मोज्यांचासुद्धा येतोय," आई म्हणाल्या. "तुम्ही तिघं नाकं कशाला वागवता तेवढं सांगा मला."

हे मुकाट्याने बादली आणायला गेले. एरवी ह्यांना तीनदा सांगावं लागतं.

त्या दिवशीची माळ जरा घाईने ओढली गेली, हे देवाला ठाऊक आहे. शेवटचा मणी झाल्याबरोबर मी वन्संना सांगितलं की तो आवाज मला त्रास देत नव्हता. मी त्याची वाट बघायची.

वन्संनी हातातली बादली खाली ठेवली. "मग आवाज बंद झाला तेव्हा विचारलं का नाहीस?"

"तुम्हीही बंद करताना विचारलं नाहीत."

त्या एकदम हसल्या आणि मग मीही. दोघी एका घरात इतकी वर्षं राहून एकमेकींची अशी काळजी घेत होतो की झाडं बुडाली.

मी चहा टाकायला आत गेले. मागे पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं, तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. थोडा वेळ उंबऱ्याबाहेरच राहिल्या. मग आत आल्या, शेगडीशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लाव गॅस. मी आहे इथे."

कोथिंबीर गेली ती गेलीच. शेपू कडेला होता, तिथे पाणी कमी साचायचं, म्हणून तो तगला. ह्यांचं म्हणणं, त्याच्या वाटेला मरणही जात नाही. पुदिन्याचे शेंडे खुडून वन्संनी पाण्यात ठेवले, त्यांना नवी पांढरी मुळं फुटली. नळीच्या तोंडाशी आता बारीक जाळी आहे आणि वन्सं ती सुट्टीच्या दिवशी काढून घासतात. स्पंज त्यांनी फेकला नाही. धुऊन खिडकीत वाळत ठेवला आहे. का, ते मी विचारलं नाही. विचारेन.

आईंचं सगळं लगेच सुधारलं असं नाही. आधी वाईट वासच परतले: करपलेलं, नासलेलं, ओल्या फडक्याचं. चांगले वास रुसलेल्या पाहुण्यांसारखे दाराबाहेरच उभे राहिले. पण ताटातलं थोडं जास्त संपायला लागलं, निदान करपलंय म्हणून नावं ठेवण्यापुरतं तरी. डब्या मी रोज ठेवतेच, आता दोनच.

आज सकाळी मी माळ घेऊन बसले होते. पंप थांबला, पाणी उतरायला लागलं. आईंनी एक डबी उचलली आणि डोळे मिटले. नेहमी ठेवून देतात तशी ती ठेवून दिली नाही. नाकापासून दूर नेली, पुन्हा जवळ आणली.

"थांब, सांगू नकोस," म्हणाल्या.

मी कुठे सांगणार होते.

ट्रेने शेवटचा घोट घेतला आणि निःश्वास टाकला. आईंच्या कपाळाला आठी पडली. "शेपू," त्या म्हणाल्या. मग आणखी एकदा हुंगून, नापसंतीने मान हलवून, "आणि जून झालाय. परवाच काढायला हवा होता."

मी हात पुढे करून डबी घेतली आणि हुंगून पाहिली. मला नुसता शेपूच आला.